पाठीराखे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी गुंफली जाते, त्यांनी आपली हयात मुलांना तालमीत आणि मैदानावर घडविण्यात वेचली. तेव्हा त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानाचा विषय खेळाचा असावा यात नवल नाही. नवल असलेच तर इतकेच की, या सभागृहातील फारच थोड्यांनी पाहिलेला आणि आपल्या मैदानांवर जवळजवळ न खेळला जाणारा असा एक खेळ मी निवडला आहे. मालेच्या चालकांनी पत्राने पृच्छा केली होती की, कबड्डी का नको, कुस्ती का नको? मी उत्तर धाडले की, घरच्या खेळाविषयी बोलू लागलो की मी स्वतःच पाठीराखा होतो. आणि फिर्यादी व मुन्सफ एकच असले म्हणजे निवाड्याची काय गत होते, हे कोर्टकचेऱ्यांचा अनुभव असलेल्यांना मी सांगायला नको. म्हणून परमुलुखाचा खेळ. आणि प्रश्न एकच: पाठीराख्यांच्या वृत्तीने संघाच्या कामगिरीत काही फरक पडतो काय, आणि पडत असला तर तो कोणत्या वाटेने पडतो?

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘प्रेक्षक’ म्हणजे जो पाहतो तो. त्याचे काम डोळ्यांनी संपते. ‘चाहता’ म्हणजे ज्याला आवडते तो. आवड आज आहे, उद्या नसेल. परंतु ‘पाठीराखा’ या आपल्या जुन्या शब्दात एक निराळाच करार दडलेला आहे. जो पाठ राखतो, तो समोर उभा नसतो. ज्याची पाठ राखायची त्याला तो दिसतही नाही. तो आहे एवढा भरवसा असला म्हणजे पुढचा माणूस पुढे पाहू शकतो. आज मला जे सांगायचे आहे ते या एका शब्दाच्या आसपासच फिरणार आहे.

आता खेळ. रग्बी लीग हा खेळ जन्मला तोच मुळी एका कज्जातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर इंग्लंडमधील कोळशाच्या खाणींत आणि लोकरीच्या गिरण्यांत राबणारे तरुण शनिवारी रग्बी खेळत. खेळासाठी काम बुडाले की मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी भरून मिळावी, दिवसाला सहा शिलिंग मिळावेत, एवढीच क्लबांची दरखास्त होती. लंडनच्या बाजूच्या सभ्य गृहस्थांनी ती फेटाळली, कारण पैसे घेऊन खेळणे त्यांच्या मते सभ्यपणाला बाधक होते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नसते त्याला असल्या बाधा फार लवकर होतात! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी सवतासुभा मांडला. (आपल्या मुंबईच्या जिमखान्यावर जी रग्बी खेळतात ती ज्यांच्यापासून हे फुटले त्यांची, तिचा आज संबंध नाही.) पुढे १९०६ साली खेळाडू पंधराचे तेरा झाले. आज नियम असा की, चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी धरून रोखले की एक पकड मोजली जाते, आणि सहा पकडींत काही साधले नाही तर चेंडू दुसऱ्याच्या हवाली करावा लागतो. कबड्डी पाहिलेल्या माणसाला पकड म्हणजे काय हे उमजते. फक्त इथे चढाई करणारा दोनशे पौंडांचा असतो आणि पूर्ण वेगात येतो.

हा इतिहास सांगितला तो एका कारणासाठी. ज्या गावात हा खेळ रुजला तेथे खेळाडू आणि पाठीराखा हे दोन वेगळे प्राणी नव्हते. शनिवारी दुपारी कठड्यामागे उभा राहून जो ओरडे, तोच सोमवारी पहाटे त्याच पिंजऱ्यातून त्याच खेळाडूबरोबर खाणीत उतरे. ५ मे १९५४ रोजी ब्रॅडफर्डच्या ओडसल मैदानावर वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स यांचा पुन्हा खेळविलेला अंतिम सामना पाहायला अधिकृत मोजणीप्रमाणे १,०२,५६९ माणसे लोटली. त्या लाखात ‘ग्राहक’ किती असतील? मला वाटते, फार थोडे.

मग या लाखभर घशांचा चेंडूवर परिणाम होतो का?

माणसांचे उत्तर देण्यापूर्वी, श्रोतेहो, क्षमा करा, मला झुरळांकडे वळावे लागते. रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६९ साली आपल्या सहकाऱ्यांसह झुरळांच्या शर्यती लावल्या. आणि शर्यतीच्या वाटेला लागून काचेपलीकडे इतर झुरळे प्रेक्षक म्हणून बसविली. वाट सरळ असली तर प्रेक्षकांच्या सान्निध्यात झुरळ अधिक वेगाने धावे. वाटेत वळण असले, कोणीकडे जावे हे ठरवावे लागले, तर त्याच प्रेक्षकांपुढे ते अधिक घोटाळे. जे अंगवळणी पडले आहे ते गर्दीने उजळते आणि जे अवघड आहे ते गर्दीने बिघडते, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढे अनेकांनी त्याला पाठबळ दिले, काहींनी फाटेही फोडले. ते विद्वानांचे काम. आपल्यापुरते पाहायचे तर पकड ही सरळ वाट आहे. दमछाक झालेल्या माणसाला ‘आणखी एक, आणखी एक’ म्हणून हजारोंनी उठविले तर तो उठतो. पण गोलखांबांपुढे चेंडू ठेवून एकट्याने मारायची लाथ ही वळणाची वाट आहे.

त्या वळणावर अडखळलेल्या एका माणसाची कथा उत्तर इंग्लंडात आजही घरोघर सांगतात. ११ मे १९६८, लंडनमधील वेम्ब्लीचे मैदान, चषकाचा अंतिम सामना, आभाळ फाटल्यासारखा पाऊस, गवतावर तळी साचलेली. लीड्स ११, वेकफील्ड ट्रिनिटी ७. अगदी शेवटच्या मिनिटाला वेकफील्डने ट्राय केला, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकविला, आणि फरक एका गुणावर आला. आता खांबांच्या अगदी समोरून डॉन फॉक्सने चेंडू वर धाडायचा, की चषक वेकफील्डचा. सामन्यातील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला त्याआधीच जाहीर झालेला होता. तो धावला, मारला, आणि चेंडू भलतीकडेच गेला. फॉक्स चिखलात गुडघ्यांवर बसला. दूरदर्शनवर वर्णन करणाऱ्या एडी वेअरिंगच्या मुखातून त्या क्षणी निघाली ती टीका नव्हे, कीव होती. हे प्रेक्षकांमुळे झाले, असे मी म्हणणार नाही. पाऊस होता, निसरडे होते. मला फक्त इतकेच दाखवायचे आहे की, ज्या क्षणी गर्दी सर्वांत जास्त हवीशी असते, त्या क्षणी ती सर्वांत कमी उपयोगाची असते. त्या क्षणी तिने एकच गोष्ट करावी: स्वस्थ बसावे. आणि हे गर्दीला जमत नाही.

दुसरी वाट पंचांमधून जाते, आणि ती थोडी अप्रतिष्ठित आहे. फुटबॉलविषयी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रज प्रयोगात चाळीस पंचांना एकाच सामन्याची चित्रफीत दाखविली. काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना निःशब्द. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे पंधरा टक्के कमी दोष दिले. रग्बी लीगमध्ये पंचाची मुखत्यारी त्याहूनही मोठी. पकडलेला माणूस किती वेळ खाली दाबून ठेवला, बचावाची रांग पुरेशी मागे सरली की नाही, हे सारे अर्ध्या क्षणात ठरवायचे असते, आणि अशा ठिकाणी शंकेचा फायदा ज्याच्या बाजूने आवाज मोठा त्याला जातो. कधी कधी प्रेक्षकांना आवाजही पुरत नाही. १९८८ साली ऑस्ट्रेलियात (तेथेही हाच खेळ खेळतात) ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर पंचाने क्वीन्सलँड प्रांताच्या वॉली लुइसला काही मिनिटांसाठी बाहेर पाठविले, तेव्हा बियरच्या डब्यांचा असा वर्षाव झाला की खेळ थांबवावा लागला. क्वीन्सलँड तो सामना जिंकले. डब्यांमुळे जिंकले का? मला खात्रीने सांगता येणार नाही, आणि आले तरी तरुण मुलांच्या देखत मी सांगणार नाही.

परंतु हे सारे झाले आवाजाविषयी. आवाज आणि वृत्ती एक नव्हेत. २०२० च्या महामारीत ऑस्ट्रेलियातील स्पर्धा मार्चमध्ये थांबली आणि २८ मे रोजी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली. खुर्च्यांवर प्रेक्षकांची पुठ्ठ्याची चित्रे उभी केली गेली, आणि प्रक्षेपणात मुद्रित केलेला गर्दीचा कोलाहल मिसळला गेला. ध्यानात घ्या, तो कोलाहल खेळाडूंसाठी नव्हता. तो घरी बसून पाहणाऱ्यांसाठी होता. खेळाडू त्या शांततेत खेळले, एकमेकांच्या हाडांचा आवाज ऐकत खेळले. प्रेक्षकाविना खेळ होऊ शकला. प्रेक्षकालाच प्रेक्षकाविना खेळ पाहवेना. गर्दीची गरज कोणाला अधिक असते, याची अशी कबुली यापूर्वी कोणी दिली नसेल.

तर मग वृत्ती कोठे कळते? माझे मत असे की, ती चुकीनंतरच्या पहिल्या मिनिटात कळते. चेंडू हातातून निसटतो. अशा वेळी हजारो छात्यांतून एक उसासा निघतो, आणि तो उसासा शिव्यांपेक्षा अधिक दूर जातो. शिवी देणारा निदान खेळात असतो. उसासा टाकणारा मनाने उठून घरी गेलेला असतो. खेळाडू तो ऐकतो. पुढच्या वेळी त्याच्या हाती चेंडू येतो तेव्हा शेजाऱ्याकडे तो लांब, धाडसी फेक करीत नाही. जवळच्या माणसाकडे सोपवून मोकळा होतो. सहा पकडी अशाच सुरक्षितपणे संपतात आणि चेंडू परत जातो. कोणी चुकले नाही. कोणी काही केलेही नाही. अशा संघाचा पराभव पाहून लोक म्हणतात, ‘यांच्यात जिद्द नाही.’ ती कोणी काढून घेतली, असा प्रश्न त्यांना पडत नाही.

याच्या उलट क्वीन्सलँड. १९८० पूर्वी या प्रांताची अवस्था केविलवाणी होती. सिडनीचे श्रीमंत क्लब तेथील उत्तम खेळाडू घेऊन जात, आणि आंतरप्रांतीय सामन्यात हेच खेळाडू, निवासाच्या नियमान्वये, न्यू साउथ वेल्सतर्फे आपल्याच जन्मभूमीविरुद्ध उभे राहत. ८ जुलै १९८० रोजी प्रथमच ज्याने जिथे खेळायला सुरुवात केली त्या प्रांताकडून त्याने खेळावे, असा सामना लँग पार्कवर योजिला गेला. कर्णधार आर्थर बीटसन, वय पस्तीस, रोमा नावाच्या क्वीन्सलँडच्या आडगावचा मुलगा, पण आजवर न्यू साउथ वेल्सकडून खेळलेला. ३३,२१० लोक आले होते. पुष्कळ जाणत्यांना हा सामना पोरखेळ वाटत होता. क्वीन्सलँड २०-१० ने जिंकले. गर्दीने त्या रात्री संघाला काय दिले? कौशल्य दिले नाही. बीटसनचे कौशल्य सिडनीत घडलेले होते. तिने त्याला नाव परत दिले. पुढे १९९५ साली, क्लबांच्या भांडणापायी नावाजलेले खेळाडू वर्ज्य ठरल्यामुळे, ज्यात अपरिचितांचाच भरणा होता असा क्वीन्सलँडचा संघ तीनही सामने जिंकून गेला. त्या वर्षी मैदानाच्या बोगद्यातून बाहेर येताना बिली मूर हा खेळाडू ‘क्वीन्सलँडर!’ असे गर्जत आला, आणि ती आरोळी आज प्रेक्षकांची झाली आहे. खेळाडूंकडून प्रेक्षकांनी घेतले. प्रेक्षकांकडून खेळाडू पुन्हा घेतात. या देवघेवीचा हिशेब कोणत्या मुनीमाने ठेवावा?

आणि जे वर्षानुवर्षे हरतात त्यांचे काय? इंग्लंडातील हल एफ. सी. हा संघ वेम्ब्लीवर कधीच जिंकला नव्हता. १९५९, १९६०, १९८०, १९८३, २००८, २०१३. यादी लांब आहे. त्याच शहराच्या दुसऱ्या अंगाला राहणारे प्रतिस्पर्धी त्यांना गाण्यातून ऐकवीत, की तुम्ही वेम्ब्लीवर कधी जिंकणार नाही. असे गाणे ऐकत दोन पिढ्या वाढल्या तर ते शापासारखे होते. २७ ऑगस्ट २०१६ रोजी वॉरिंग्टनविरुद्ध दहा गुणांनी मागे पडून हल १२-१० वर आले. शेवटच्या क्षणांत वॉरिंग्टनचा बेन करी रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकविणार, तोच डॅनी हॉटनने झडप घालून त्याच्या हातून तो उडविला. पकड. सरळ वाट. अंगवळणी पडलेले काम! आणि हे मुद्दाम सांगतो, की शापमोचन झाले ते कोणा जादूगाराच्या किमयेने नव्हे, तर ज्या कामाला नुसती छाती लागते अशा कामाने.

सिडनीच्या दक्षिणेकडील क्रोनुला हा संघ १९६७ साली स्पर्धेत आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरोल्ड होल्ट समुद्रात पोहायला गेले ते परत आलेच नाहीत. पुढे जॅक गिब्सन या ख्यातनाम प्रशिक्षकाने थट्टा केली, की क्रोनुलाच्या विजयाची वाट पाहणे म्हणजे होल्ट परत येतील म्हणून ओसरीवरचा दिवा जळत ठेवण्यासारखे आहे. क्रोनुलाच्या माणसांनी ही थट्टा अपमान म्हणून फेकून दिली नाही. ती अंगावर वागविली. २०१६ च्या अंतिम सामन्यात मेलबर्नवर १४-१२ असा विजय मिळविल्यावर कर्णधार पॉल गॅलनने लोकांना जाहीर सांगितले, की आता दिवे मालवा. एकोणपन्नास वर्षे स्वतःवर हसू शकणारा पाठीराखा खेळाडूंच्या डोक्यावरचे ओझे किती हलके करतो, याचे माप माझ्याजवळ नाही. पण ज्या गावात हसण्याची मुभा आहे तेथे हरण्याचीही मुभा असते, आणि जेथे हरण्याची मुभा असते तेथे माणसे जिंकण्याचा धोका पत्करतात.

घड्याळ माझ्यासमोर ठेवण्याची दक्षता चालकांनी घेतली आहे. तेव्हा शेवटच्या उदाहरणाकडे येतो. त्याच्यासाठीच खरे तर मी हा विषय घेतला.

साउथ सिडनी. १९०८ मध्ये स्थापन झालेला, रेडफर्नच्या श्रमिकांचा आणि आदिवासींचा संघ. ‘रॅबिटोज’ हे त्यांचे टोपणनाव, ससे विकत हिंडणाऱ्यांच्या हाळीवरून पडलेले, अशी आख्यायिका आहे. १९७१ पर्यंत त्यांनी वीस विजेतेपदे मिळविली होती. मग दूरदर्शनच्या पैशावरून १९९५ पासून दोन धनाढ्य पक्षांत युद्ध पेटले, १९९७ च्या अखेरीस तह झाला, आणि तहनाम्यात असे ठरले की संघांची संख्या चौदावर आणायची. युद्ध कोणी केले आणि कलम कोणावर चालले? ऑक्टोबर १९९९ मध्ये साउथ सिडनी स्पर्धेतून बाद झाले.

पुढे काय व्हावे, असे आपल्याला वाटते? पेढीला टाळे लागले की ग्राहक दुसरी पेढी पाहतो. तसे झाले नाही. नोव्हेंबर २००० मध्ये सुमारे ऐंशी हजार माणसे, कोणी खेळणार नसताना, कोणी जिंकणार नसताना, लाल-हिरवे अंगात घालून सिडनीच्या रस्त्यांवरून चालली. जॉर्ज पिगिन्स या माजी खेळाडूच्या नेतृत्वाखाली दावा चालला. पहिला निकाल विरुद्ध गेला. अपिलात २००१ च्या जुलैमध्ये बाजू पालटली. आणि २००२ साली संघ बहाल झाला. (त्यानंतर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने अपिलाचा निकाल फिरविला, पण तोवर संघ मैदानात होता आणि त्याला पुन्हा काढण्याची कोणाची छाती झाली नाही.)

हे लोक ग्राहक नव्हते, मालकही नव्हते. ते वतनदार होते. वतन कर्जासकट वारसाने येते, आणि ते सोडून जाता येत नाही.

आता, वतनदारांनी असा जिवापाड राखलेला संघ परत आल्यावर जिंकू लागला असेल, असे कथाकाराला वाटेल. २००३ मध्ये साउथ सिडनी शेवटचे. २००४ मध्ये शेवटचे. २००६ मध्ये शेवटचे. तिकडे शेवटच्याला ‘लाकडी चमचा’ मिळाला असे म्हणतात. रेडफर्नमध्ये चमच्यांची चवड झाली. ऐंशी हजारांचे प्रेम बचावाच्या रांगेतील एक भोक बुजवू शकले नाही. माझ्यासारख्या, पाठीराख्यांच्या बाजूने बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला ही कैफियत नोंदविणे भाग आहे: प्रेमाने संघ जगतो, प्रेमाने संघ जिंकत नाही. जिंकायला पैसा लागतो, प्रशिक्षक लागतो, सकाळी उठून पळणारे तेरा जण लागतात. आणि इथे या वतनदारांनी जे केले ते मला त्या मोर्चाहूनही मोठे वाटते. २००६ च्या मार्चमध्ये सभासदांनी मत देऊन क्लबचा तीनचतुर्थांश हिस्सा रसेल क्रो हा नट आणि पीटर होम्स अ कोर्ट यांना विकण्यास संमती दिली. आवश्यक होती पंचाहत्तर टक्के मते, पडली त्याहून अधिक, पण एक टक्क्याहूनही कमीने. ज्या पिगिन्सने लढा जिंकून दिला त्याचा याला कडवा विरोध होता. दोघांचेही प्रेम खरे होते. मला मतदान असते तर मी कोणाकडे असतो, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

५ ऑक्टोबर २०१४. अंतिम सामना, समोर कँटरबरी, प्रेक्षक ८३,८३३. सामन्याच्या अगदी पहिल्या टकरीत साउथ सिडनीच्या सॅम बर्जेसच्या गालाचे हाड मोडले. तो बाहेर गेला नाही. तो उरलेला सामना खेळला, सामन्यातील सर्वोत्कृष्ट ठरला, आणि साउथ सिडनी ३०-६ असे, त्रेचाळीस वर्षांनी, जिंकले.

१९७० च्या अंतिम सामन्यात याच संघाचा कर्णधार जॉन सॅटलर मोडक्या जबड्यानिशी खेळून जिंकला होता. रेडफर्नच्या प्रत्येक घरात ती गोष्ट पाठ आहे. बर्जेस मात्र रेडफर्नचा नव्हता. तो इंग्लंडातील ड्यूजबरीचा, हडर्सफील्डच्या त्या हॉटेलापासून काही मैलांवर वाढलेला मुलगा, आणि सॅटलरचा जबडा मोडला तेव्हा जन्मलेलाही नव्हता. ती गोष्ट त्याला कोणी सांगितली असेल?